पिवळ्या स्प्रिंगा

कोल्हापूर
३ ऑगस्ट १९७४

अक्का,

शरणार्थ. वर 'तीर्थरूप' लिहिलं की तू एकदम काठी टेकत चालणारी म्हातारी दिसायला लागतेस, म्हणून ते गाळलं. अव्वाचे गुडघे दुखतायत, अप्पा नेहमीसारखे गप्प, पंचगंगेला पाणी चढलंय. घरची हकीकत संपली. आता माझी.

मी गाडी घेतली. ओरडू नकोस. एका डॉक्टरांची जुनी हेरल्ड आहे, म्हणजे मूळ तुमच्या कॉव्हेंट्रीच्याच घराण्यातली. उद्यमनगरात गुंडू मिस्त्रीच्या गॅरेजात ती उभी आहे. मी आणि गुंडूनं मिळून तिची मागची सीट, काचा, बंपर, आतलं अस्तर, जे निघेल ते सगळं काढलं. उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला. इंजिनावर गुंडूनं असा हात फिरवलाय, की ते सुरू केलं की शेजारच्या फौंड्रीतली माणसं काम टाकून बघायला येतात.

फेब्रुवारीत मद्रासजवळ शोलावरमला मोटारींच्या शर्यती असतात. गेल्या खेपेला मी दुसऱ्याची गाडी चालवली, तेव्हा तिथल्या एका टायरवाल्या शेठनं बोलावून सांगितलं, "स्वतःची गाडी घेऊन ये. पहिल्या तिघांत आलास तर पुढं माझ्या गाड्या तूच चालव, पगारावर." हे घरात कुणालाच माहीत नाही. कारण अप्पांनी चेअरमनना भेटून ठेवलंय. ते निवृत्त झाले की साखर कारखान्याच्या गाडीकाट्यावर त्यांच्या खुर्चीत मी. ती खोली तू बघितलीयस. उसाची बैलगाडी काट्यावर येते, खिडकीतला माणूस वजनाचा आकडा ओरडतो, गाडी जाते, दुसरी येते. अप्पांचा जन्म त्या खिडकीत गेला. माझा जाऊ नये, एवढंच मला पाहिजे. शोलावरम हा माझ्याकडं एकच दरवाजा आहे.

अडचण अशी, की गाडी उंच आहे. वळणावर गाभण म्हशीसारखी कलंडते. ती दोन बोटं तरी खाली बसवायला हवी. इथं लोक स्प्रिंगचा एक वेढा गॅसनं कापून टाकतात. गाडी खाली बसते, पण तापवल्यानं स्प्रिंगचा जीव जातो. कागलच्या रस्त्याला एका फियाटची अशी कापलेली स्प्रिंग तुटली आणि गाडी ओढ्यात गेली. गुंडू म्हणतो, "कापायची न्हाय. मुळातच आखूड आन कडक आणायची." तिकडं अशा तयार मिळतात म्हणे. मागच्या चाकांना पोलादी पट्ट्यांचा पाटा असतो, तो गुंडू इथंच बसका करून घेईल. पुढच्या दोन स्प्रिंगा तू बघ. दाजींना विचार. अप्पांना लिहू नकोस.

तुझा,
चन्नवीर


कॉव्हेंट्री
२५ ऑगस्ट १९७४

चि. चन्नू,

पत्र वाचून आधी डोक्याला हात लावला. मग तुझ्या दाजींना दाखवलं. ते दिवसभर कारखान्यात मोटारींची चित्रं काढतात आणि घरी आल्यावर मोटारीचं नाव काढलं तर चिडतात, पण तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. शनिवारी मला एका दुकानात घेऊन गेले. बोळातलं दुकान, आत काळोख, आणि भिंतीभर टांगलेल्या स्प्रिंगा. आपल्याकडं भांड्यांच्या दुकानात कळशा टांगतात तशा. मालक पेरी नावाचा म्हातारा. मी साडी नेसून स्प्रिंगा मागायला आले म्हणून त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि चहा पाजला.

तो म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते, कारण दाजींनी मला ते घरी येईपर्यंत पाठ करायला लावलं. स्प्रिंग आखूड घेतली की गाडी खाली बसते. पण खाली दबायला जागाही तेवढीच कमी उरते. तळाला रबराचा ठोकळा असतो. गाडी दबून त्या ठोकळ्यावर बसली की स्प्रिंग संपली. मग चाक आणि गाडी यांच्यामध्ये काहीच नाही, आणि सुकाणू तुमचं ऐकत नाही. म्हणून आखूड स्प्रिंग कडक हवी. किती कडक, ते गाडीच्या वजनावर. फार कडक घेतली तर गाडी उड्या मारते आणि चाकं जमीन सोडतात, म्हणजे शर्यत गेली.

त्याच्याकडं तुझ्या गाडीच्या स्प्रिंगांच्या दोन जाती आहेत. पिवळा रंग लावलेल्या हलक्या गाडीसाठी, निळ्या जड गाडीसाठी. उंचीला दोन्ही सारख्याच. कुठल्या घ्यायच्या हे तो अंदाजानं सांगणार नाही म्हणाला. "वजन करून कळवा," एवढंच. पुढच्या चाकांवरचं वेगळं, सबंध गाडीचं वेगळं.

वजन कुठं करायचं याचा विचार करायला नको. घरचाच काटा आहे. म्हणजे अप्पांना सांगावंच लागणार. सांग. ते तुला खात नाहीत.

तुझी अक्का,
सुमंगला


कोल्हापूर
१९ सप्टेंबर १९७४

अक्का,

सांगितलं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "आण गाडी." मला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

सोमवारी नेली. सध्या गळीत बंद, काटा रिकामा. पण सणासाठी सभासदांना साखर वाटप सुरू होतं, त्यामुळं ही गर्दी. काट्यावर बैलगाडीच्या जागी मोटार बघून सगळे गोळा झाले. उचगावचे आकारामकाका साखरेची पिशवी खांद्यावर टाकून पुढंच उभे. अप्पा खिडकीत बसले, चष्मा पुसला, दांडीवरचं वजन सरकवलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "सहाशे ऐंशी!"

अक्का, सहाशे ऐंशी किलो! कंपनीच्या पुस्तकात ही गाडी आठशेची आहे. आम्हाला वाटलं होतं साडेसातशेपर्यंत उतरली तरी पुष्कळ झालं. गुंडूनं मला उचलूनच घेतलं. एवढी हलकी गाडी शोलावरमला दुसऱ्या कुणाची असेल असं वाटत नाही. पुढच्या चाकांचं वजन सोबतच्या चिठ्ठीवर आहे, तेही असंच छान.

गंमत सांगतो. आकडा ऐकून आकारामकाका मोठ्यानं म्हणाले, "काय अण्णा, मोटारीलाबी काटा मारला काय?" सगळं पटांगण हसलं. मीही पोट धरून हसलो. आपल्याकडं शेतकरी ऊस घालून आला की हेच म्हणतो, त्याशिवाय त्याला घरी गेल्यासारखं वाटत नाही. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी खिडकी लावून घेतली.

पिवळ्याच घे आता. विचारायचं काही राहिलंच नाही.

चन्नवीर


कॉव्हेंट्री
१० ऑक्टोबर १९७४

चि. चन्नू,

पेरीनं तुझे आकडे वाचले आणि कागद परत माझ्या हातात दिला. म्हणाला, "बाई, ही गाडी मी आयुष्यभर उघडलीय. तुमच्या भावानं आतली हवा काढली तरी ती एवढी हलकी होणार नाही. शिवाय लोखंडी पिंजरा आहे म्हणता. काटा तपासायला सांगा."

मला एवढा राग आला! मी त्याला सांगितलं, "त्या काट्यावर माझे वडील बसतात. हजारो शेतकरी त्यांच्या शब्दावर वर्षाचं पीक सोडून जातात. त्यांच्या तोंडून चुकीचा आकडा यायचा नाही." इथं मला कुणी अप्पांबद्दल विचारत नाही, आणि विचारलं ते हे. म्हातारा वरमला. पण म्हणाला, "तरी एकदा विचारा. पिवळ्या घेतल्या आणि गाडी जड निघाली, तर मोठ्या खड्ड्यात ती ठोकळ्यावर बसेल, आणि वेग असेल तर पुढचं मी सांगायला नको."

तेव्हा एकदा विचारून टाक. मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर उत्तर नेऊन मारायचं आहे.

सुमंगला


कोल्हापूर
२७ ऑक्टोबर १९७४

अक्का,

विचारलं. जेवताना विचारलं, हे चुकलंच. म्हटलं, "अप्पा, तिकडचा दुकानदार म्हणतोय काटा तपासा. बरोबर हाय न्हवं आपला काटा?"

अप्पांचा घास हातातच राहिला. अव्वा म्हणाली, "असलं कसलं विचारणं रं, ताटावर बसून?" अप्पा भाकरीकडं बघत म्हणाले, "सगळ्या तालुक्याला चालतोय काटा. तुला चालंना व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. तुझ्या पेरीसाठी मी आपल्या बापाची लाज काढली. पुन्हा विचारणार नाही. पिवळ्या घे आणि लवकर पाठव, गळीत सुरू व्हायच्या आत अप्पा मला काट्यावर उमेदवार म्हणून घेऊन जाणार आहेत.

चन्नवीर


कोल्हापूर
ता. २ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. सुमंगला हिस अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझी आई बरी आहे. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की चन्नवीरसाठी तू ज्या स्प्रिंगा घेणार आहेस त्या हलक्या भाराच्या न घेता जड भाराच्या घ्याव्यात. तो गाडीत नेहमी एकटाच बसेल असे नाही. पुढेमागे घरची माणसे बसतील, सामान असेल. आकड्यावर फार जाऊ नये. दुकानदाराने विचारल्यास वडिलांची तशी इच्छा आहे, असे सांगावे.

हे मी लिहिले असे चन्नवीरास कळवू नये. कारण विचारू नये.

जावईबापूंना नमस्कार. थंडीत जपून राहावे.

तुझे,
अप्पा


कॉव्हेंट्री
२१ नोव्हेंबर १९७४

ती. अप्पांस,

शरणार्थ. तुमचं पत्र आलं आणि मी दिवसभर हसत होते. तुमचं अक्षर इथं पहिल्यांदाच आलं, तेही स्प्रिंगांसाठी! मला सगळं कळलं हं. पोरगा वरवर शर्यतीची गाडी म्हणतोय, पण तुमच्या मनात ती घेऊन अव्वासकट यडूरच्या वीरभद्राला जायचं आहे. मागची सीट त्यानं काढून टाकलीय, ते आधी बघा. अव्वाला काय पाइपांच्या पिंजऱ्यात बसवणार?

अप्पा, ती गाडी चौघांसाठी नाही. तुमच्याच काट्यानं सांगितलेल्या वजनाला बरोबर बसतील अशा पिवळ्या स्प्रिंगा मी घेतल्या. दुकानदाराला म्हटलं, माझ्या वडिलांनी स्वतः वजन केलंय, आता शंका नको. त्यानं मान हलवली आणि कागदात बांधून दिल्या. इथल्या दवाखान्यातली मिरजेची एक नर्स नाताळात घरी येते आहे, तिच्यासोबत पाठवते. चन्नूशी बोला आता. तो मनाला फार लावून घेतो.

तुमची,
सुमंगला


कोल्हापूर
२३ जानेवारी १९७५

अक्का,

बसवल्या! गाडी आता अशी बसते, की बघताना मान तिरकी करावी लागते. उचगावच्या रस्त्यावर पहाटे चालवून बघितली. पूर्वी ज्या वळणाला मी दुसरा गिअर टाकायचो, तिथं आता गिअर बदलावाच लागत नाही. अक्का, मला रडू आलं. तू असतीस तर तुला शेजारी बसवून नेलं असतं, सीट नसली तरी.

एकच. मोठ्या खड्ड्यात पुढून ठक्क असा आवाज येतो. गुंडू खाली वाकून बघत म्हणाला, "ठोकळ्यावर बसतीया की काय ही?" मी म्हटलं, "मिस्त्री, वजन काट्यावर केलंय. वजन बरोबर तर स्प्रिंगबी बरोबर." तो म्हणाला, "ते बी खरंच म्हणा." खड्डे आपल्या रस्त्याचे, गाडीचा काय दोष? शोलावरमला विमानाची धावपट्टी आहे, सिमेंटची.

उमेदवारीला मी गेलो नाही. अप्पांनी एकदाही विचारलं नाही, हे मला जरा नवलच वाटलं. काल मात्र ते गॅरेजात आले, पहिल्यांदाच. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "जाऊ नको."

मी म्हटलं, "का?"

"जाऊ नको म्हणतोय न्हवं."

"अप्पा, कारण सांगा. एक कारण सांगा, न्हाय जात."

अक्का, ते माझ्याकडं बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. गुंडू होता, फौंड्रीतली दोघं-तिघं होती. शेवटी म्हणाले, "तुझी अव्वा काळजी करतीया." मला असा संताप आला! म्हटलं, तुम्हाला मी त्या खिडकीत बसलेला पाहिजे, दुसरं काय? ते सायकल हातात धरून चालत गेले. परतल्यावर पाया पडेन त्यांच्या.

गुरुवारी निघतो. गुंडू सोबत आहे.

चन्नवीर


कॉव्हेंट्री
६ मार्च १९७५

चन्नू,

'चन्नवीर जखमी, जिवाला धोका नाही', एवढीच तार आली. त्यानंतर काहीच नाही. अप्पांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. अव्वाला लिहिता येत नाही. मी कुणाला विचारू? दुसऱ्याकडून का होईना, दोन ओळी लिहव. मी इथं दिवसभर दाराच्या फटीकडं बघत बसते, पोस्टमन कागद आत टाकतो तिथं. काय झालं ते सांग. कितीही वाईट असलं तरी सांग.

तुझी अक्का


कोल्हापूर
१७ जून १९७५

अक्का,

लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं. आता कळलंय.

शर्यतीत भाग घेणं झालंच नाही. आदल्या दिवशीच्या सरावात सगळं उरकलं. धावपट्टीच्या शेवटी सिमेंट खचून एक खोलगा झालाय. सगळ्यांच्या गाड्या त्यातनं डुबकी मारून जात होत्या. मी भरवेगात आलो. ठक्क झालं. तोच आवाज. पुढचं उचललं गेलं आणि सुकाणू हातात नुसतं फिरलं, रिकामं. समोर मातीचा बांध होता. पिंजऱ्यानं डोकं वाचवलं. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला, डावा वाकत नाही. टायरवाला शेठ दवाखान्यात येऊन गेला. सफरचंदं ठेवली आणि माझ्या पायाकडं न बघता बोलला. दरवाजा बंद झाला, अक्का.

हे मी सोसलं असतं. आपलं नशीब, आपला हात चुकला, म्हणून गप्प बसलो असतो. चार महिने मी तेच केलं. गादीवर पडून तो खोलगा पुन्हा पुन्हा घेत होतो. कुठं चुकलो? ब्रेक आधी लावायचा होता का?

गेल्या आठवड्यात गुंडू आला. गाडीचा सांगाडा त्यानं ट्रकमधून परत आणून ठेवला होता, तो भंगारात घालायचं ठरलं. फौंड्रीच्या काट्यावर वजन केलं. एक दार नाही, एक चाक नाही, तरी भरली सातशे चाळीस. गुंडूनं पुन्हा करून घेतलं. सातशे चाळीस. माझ्या गादीशेजारी बसून तो हे सांगत होता आणि सारखं तोंड पुसत होता. मोडल्यावर गाडीचं वजन वाढतं का गं?

अप्पा घरी आले तेव्हा मी विचारलं. "अप्पा, काटा किती मारतोय?"

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. म्हणाले, "शंभराला दहा."

असं म्हणाले, जसं कुणी किती वाजले म्हणून विचारावं. मग खाली बसले. म्हणाले, "वरनं आल्यालं असतंय. माझ्या आधी जो होता, तोबी हेच करायचा."

"मला सांगायचं की. मी काय गावभर करणार हुतो?"

"तुला सांगितलं असतं, तर रोज तुझ्यासमोर जेवायला कसा बसलो असतो?"

अक्का, त्यांना माझ्या डोळ्यांची लाज वाटली. पायाची काळजी त्या लाजेच्या मागं राहिली. एकदा, फक्त एकदा, कुणालातरी सांगायचं होतं त्यांनी.

चन्नवीर


कॉव्हेंट्री
४ जुलै १९७५

चन्नू,

सांगितलं होतं त्यांनी. मला.

नोव्हेंबरात त्यांचं पत्र आलं होतं. जड भाराच्या घे, कारण विचारू नको, चन्नूला कळवू नको. आकड्यावर फार जाऊ नये, असंही त्यात आहे. आता ते वाक्य वाचवत नाही. मी हसले रे. मी दाजींना वाचून दाखवलं आणि दोघंही हसलो. मला वाटलं म्हाताऱ्याला मोटारीतून देवाला जायची हौस आलीय. मी त्यांना चेष्टेचं उत्तर लिहिलं आणि पिवळ्या पाठवल्या. निळ्या त्याच भिंतीवर टांगल्या होत्या, हात लांब केला असता तर लागल्या असत्या.

पेरीनं दोनदा विचारलं. मी त्याला बापाच्या खरेपणाचं व्याख्यान दिलं. साऱ्या आयुष्यात मला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि त्याच अभिमानानं मी तुझा पाय घेतला.

मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. पण काही झालं तरी त्या काट्यावर बसू नकोस. इकडं ये, दाजी काहीतरी बघतील. भीक मागू, पण तिथं नको.

सुमंगला


कोल्हापूर
१२ डिसेंबर १९७५

अक्का,

तू हसलीस म्हणून झुरू नकोस. पटांगणात आकारामकाका बोलले तेव्हा मीही हसलो होतो. त्यांनी तर सगळ्यांसमोर खरं तेच सांगितलं होतं.

तुझ्याकडं येता येणार नाही. विमानाच्या पायऱ्या चढवणार कोण, आणि एवढं करून तिथं मी काय करू? अप्पा दिवाळीला निवृत्त झाले. चेअरमन स्वतः घरी आले. अव्वाला म्हणाले, "पोराचं वाईट झालं. पण काट्यावरचं काम बसून करायचं हाय, पायाचं काय अडत न्हाय." अव्वा त्यांच्या पाया पडली. मी नाही म्हटलं असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं असतं तर अप्पा गावात तोंड दाखवू शकले नसते, आणि अव्वा त्या दिवशीच मेली असती. मीसुद्धा तोंड उघडलं, मिटलं.

गळीत सुरू झालं तशी माझी नोकरीही सुरू झाली. दुपारी अप्पा सायकलवरून डबा आणतात, खिडकीत ठेवतात आणि काट्याकडं न बघता जातात. आम्ही बोलत नाही, पण डब्यात माझ्या आवडीचं असतं.

गुंडूनं त्या दोन स्प्रिंगा काढून मला आणून दिल्या. बघितल्या. एकही वेढा मोडलेला नाही, पिवळा रंगसुद्धा तसाच आहे. जेवढं वजन त्यांना सांगितलं होतं, तेवढं त्या झेलत होत्या. टेबलाखाली ठेवल्यात. डावा पाय त्यांवर टेकवून बसतो.

काल आकारामकाका उसाची गाडी घेऊन आले. मी दांडीवरचं वजन सरकवलं आणि आकडा ओरडलो. माझा आवाज अप्पांसारखा आहे, हे मला माहीत नव्हतं. काकांनी या वेळी चेष्टा केली नाही. खिडकीपाशी आले, आत माझ्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "पोरा, बरोबर हाय न्हवं वजन?"

मी म्हणालो, "बरोबर हाय, काका."

"मग झालं," ते म्हणाले. "तुझा बाप आत हुता तवर मला शंका यायची. तू न्हाय खोटं सांगायचास. तुझं तर बाबा, देवानंच एवढं वाटोळं केलंय."

आणि त्यांनी बैल हाकले.

चन्नवीर